कर्ज आमचे, घर सर्वांचे



आपल्या मोहल्ल्यात कोणी घर विकले की ती बातमी तीन दिवसांत चहाच्या हॉटेलापासून सायझिंगपर्यंत पोहोचते. लोक 'कितीला विकले?' असे नंतर विचारतात, आधी 'काय झाले?' असे विचारतात. जणू घरात मय्यत झाली आहे. या एका प्रश्नाच्या भीतीने कितीतरी मागवाले, सूतवाले आणि कापडवाले बुडत्या धंद्यासाठी घर गहाण टाकतात, वर्षानुवर्षे व्याज भरतात आणि शेवटी घर व धंदा दोन्ही गमावून बसतात.

आम्ही २०१८ साली मालेगावातील वडिलांचे घर विकले आणि पुढील चार वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा हक्क आम्हाला आहे असे समजतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, देणे फेडून नव्याने उभे राहण्यासाठी घर विकण्यात लाज नाही. घराच्या पैशात कोणाकोणाचा हक्क आहे हे न पाहता ते विकणे, यात मात्र लाजही आहे आणि गुनाहही आहे.

देणे कसे झाले

आमचा धंदा ग्रे कापडाचा. सूत उधारीवर घ्यायचे, मागवाल्यांकडून मजुरीवर कापड विणून घ्यायचे आणि दलालामार्फत परप्रांतात पाठवायचे. सूतवाल्याला महिन्याभरात पैसे द्यावे लागत आणि कापडाचे पैसे तीन-चार महिन्यांनी येत. मधला काळ आपल्या शब्दावर चाले. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी झाली. मजुरी रोखीने दिली जाई आणि रोखच नाहीशी झाली. त्यातून सावरतो न सावरतो तोच १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. नवे कागद आणि नव्या नोंदी समजून घेईपर्यंत माल पडून राहिला. त्यातच परगावच्या एका व्यापाऱ्याने हात वर केले. २०१८ च्या सुरुवातीला आमच्या अंगावर साडेचौदा लाखांचे देणे होते.

हितचिंतकांनी सल्ला दिला, 'घर विकू नका, घरावर कर्ज काढा.' एका ठिकाणी १५ लाख मिळत होते, दर साल शेकडा १८ व्याजाने. म्हणजे वर्षाला २ लाख ७० हजार आणि महिन्याला साडेबावीस हजार रुपये नुसते व्याज; मुद्दल जागच्या जागी. त्या वेळी घरखर्च जाऊन आमच्या हाती महिन्याला पाच हजारही उरत नव्हते. तेवढ्याच कुटुंबाला पुरतील अशा भाड्याच्या खोल्या साडेचार हजारांत मिळत होत्या. व्याज हराम आहे हे आपण सर्व जाणतोच. पण ते क्षणभर बाजूला ठेवले तरी साधी वजाबाकीही तेच सांगत होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००२ च्या कायद्यानुसार कर्ज थकीत ठरल्यावर बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर दिवाणी दावा न लावता गहाण घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. ती वेळ आली की घर आपल्या भावाने विकले जात नाही, लिलावाच्या भावाने जाते. ज्याला विकायचेच आहे त्याने नोटिशीची वाट पाहू नये.

बहिणीने विचारलेला प्रश्न

आता आमच्या चुकीची गोष्ट सांगतो. घर वडिलांच्या नावावर होते. वडील २००९ साली आणि आई २०१४ साली अल्लाहला प्यारी झाली. मागे आम्ही एक भाऊ आणि दोन बहिणी. मिळकत पत्रिकेवर वारस नोंद झालेली नव्हती. ग्राहक मिळाला तेव्हा कागद करणाऱ्याने सांगितले, 'बहिणींकडून हक्कसोडपत्र घ्या, काम सोपे होईल.' आम्हालाही ते सोपे वाटले. आम्ही दोघींना बोलावले आणि अडचण सांगितली. थोरली काही बोलली नाही. धाकटी म्हणाली, "भाईजान, सही करते. पण एका कागदावर एवढे लिहून द्या, की अब्बांच्या घरातला माझा हिस्सा तुमच्या सुताच्या देण्यात गेला. माझ्या मुलांनी उद्या विचारले तर दाखवता येईल."

तो कागद लिहायला आमचा हात धजला नाही. त्या रात्री झोप लागली नाही. वडिलांवर कोणाचे देणे नव्हते. देणे आमचे होते, आमच्या धंद्याचे होते. मयताचे स्वतःचे कर्ज त्याच्या मालातून आधी फेडावे लागते. पण मुलाचे कर्ज बापाच्या मालातून, बहिणींच्या हिश्शासकट फेडावे असे शरीअतही सांगत नाही आणि देशाचा कायदाही सांगत नाही. आपल्यात किती घरे अशी आहेत जिथे नमाज, रोजा, जकात सर्व काही आहे, पण बहिणीचा हिस्सा दिलेला नाही! लग्नातल्या खर्चात तो फिटला असे आपण म्हणतो आणि बहीण माहेर तुटेल या भीतीने गप्प बसते. तिचे गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे.

घर ४२ लाखांना गेले. भावाचे दोन वाटे आणि बहिणींचा एक-एक, असे चार वाटे केले. दोघींना साडेदहा लाख प्रत्येकी मिळाले, आमच्याकडे २१ लाख आले. त्यातून साडेचौदा लाख देणे फेडले. उरले साडेसहा लाख. पैकी दीड लाख करासाठी, दोन लाख भाडे व अनामतीसाठी आणि तीन लाख धंद्यासाठी, असे कागदावर लिहून वेगळे ठेवले.

हा क्रम आम्ही वाचकांपुढे मुद्दाम ठेवत आहोत: आधी हक्कदार, मग देणेकरी, मग सरकारचा कर, मग डोक्यावरचे छप्पर आणि सर्वांत शेवटी धंदा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे उलटे होते. घराचा पैसा हाती आला की आधी नवे माग येतात किंवा सुताचा साठा भरला जातो, आणि देणेकऱ्याला 'थोडे थांबा' म्हणून सांगितले जाते. ज्या धंद्याने घर खाल्ले त्याच धंद्याला घराची किंमतही खायला घालायची, याला नवी सुरुवात म्हणता येणार नाही.

कागदाच्या गोष्टी

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही बाजारात बोलतो, वर्तमानपत्र वाचतो. पण खरेदीखताची मराठी वेगळीच असते. मसुदा हाती आला तेव्हा आम्ही शेवटचे पान उघडून सही कुठे करायची तेवढे पाहणार होतो. थोरल्या बहिणीची मुलगी शिक्षिका आहे. तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात लिहिले होते की 'संपूर्ण मोबदला पोहोचला, त्याबाबत तक्रार नाही.' प्रत्यक्षात तोपर्यंत फक्त दोन लाख मिळाले होते. वाक्य बदलून घेतले. किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेच्या चेकने, हे सर्व लिहवले. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला विनंती आहे की, न समजलेल्या कागदावर सही करू नका. घरातल्या शिकल्या-सवरल्या मुलीकडून तो वाचून घ्या.

घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. घेतल्यास तितकाच दंड होऊ शकतो. 'निम्मे पांढरे, निम्मे काळे' म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही नाही म्हटले, म्हणून भाव दीड लाखाने कमी मिळाला. त्याचे दुःख नाही. खोटी किंमत लिहून आलेल्या पैशात बरकत शोधायची तरी कशी?

राहत्या घराच्या नफ्यावरही कर लागतो. तो नफा दोन वर्षांत दुसरे घर घेण्यात किंवा तीन वर्षांत बांधण्यात लावला तर कर वाचतो. तोपर्यंत रक्कम बँकेतील यासाठीच्या खास खात्यात ठेवावी लागते आणि ती विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी ठेवावी लागते. आम्हाला हे उशिरा कळले. २०२४ साली कराचे दरही बदलले आहेत, म्हणून विकण्यापूर्वीच हिशेबनिसाला भेटावे, विकल्यानंतर नव्हे.

भाड्याच्या खोल्या

भाड्याचा करार ११ महिन्यांचा असला म्हणजे नोंदणी लागत नाही, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. आम्ही तसाच करार केला. त्याच कागदावर मुलाच्या शाळेचे आणि बँकेचे पत्ते बदलले.

आम्हाला 'हेवी डिपॉझिट'चाही सल्ला मिळाला होता. तीन लाख घरमालकाला द्यायचे, भाडे द्यायचे नाही आणि निघताना तीन लाख परत घ्यायचे. अनेक आलिम याला दिलेल्या कर्जावर घेतलेला फायदा मानतात. व्यवहाराच्या नजरेने पाहिले तरी त्यात धोका आहे. घरमालकाने ते पैसे खर्च केलेले असतात आणि नवा भाडेकरू येईपर्यंत ते परत मिळत नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्याचे तीन लाख असे अडकले तर त्याची सुरुवातच अडकते.

राहिली लोकांची गोष्ट. पहिले सहा महिने आम्ही जुन्या गल्लीतून जाणे टाळत होतो. घरातून तर एक शब्द ऐकावा लागला नाही, पण ईदच्या दिवशी शेवया वाटायला शेजारच नवा होता, तेव्हा चुलीपाशी त्यांचे डोळे भरले होते ते आम्ही पाहिले. हे दुःख हिशेबात मांडता येत नाही आणि ते लहान आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ज्या सूतवाल्यांचे पैसे आम्ही एका आठवड्यात चुकते केले, त्यांनी दुकानात बोलावून चहा पाजला आणि पुन्हा माल देऊ केला. आम्ही उधारीवर घेतला नाही. तीन लाखांत जेवढे रोखीने होईल तेवढेच काम केले. साठा नाही, दलालीवर थोडे ग्रे आणि घरून थोडे ड्रेस मटेरियल.

तात्पुरत्याला तारीख हवी

आमची दुसरी चूक अशी की आम्ही 'तात्पुरते' म्हणून गेलो, पण तारीख ठरवली नाही. घर विकणाऱ्याने त्याची किंमत तशाच मालमत्तेत लावावी, नाहीतर त्यात बरकत राहत नाही, अशा आशयाची हदीस इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. ती आम्ही ऐकलेली होती, अमलात आणली नव्हती. शहराच्या कडेला तेव्हाच लहानशी जागा पाहिली असती तर करही वाचला असता. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, माग बंद पडले आणि आणखी दोन वर्षे गेली.

२०२२ मध्ये शहराच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या. रकमेत दोन लाख कमी पडत होते. ते धाकट्या बहिणीने तिच्या त्याच हिश्शातून कर्जे-हसना म्हणून दिले. कागद करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन दिले, आणि ते बरोबरच केले. ते आम्ही फेडले आहेत. तिचा हिस्सा २०१८ साली आम्ही सुतात घातला असता तर २०२२ मध्ये तिच्याकडे देण्यासारखे काय राहिले असते?

विकलेल्या जागेची किंमत आज पुष्कळ वाढली आहे, असे ऐकवणारे भेटतात. खरे आहे. पण ते वाढलेली किंमत मोजतात आणि महिन्याला साडेबावीस हजारांचे न भरलेले व्याज मोजत नाहीत.

मालेगाव आणि भिवंडीच्या विणकरांचे पूर्वज, विशेषतः १८५७ नंतर, उत्तर हिंदुस्थानातली घरे सोडून इथे आले आणि इथे हातमाग मांडले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ मक्केतले सर्व सोडून मदिनेत आले, तेव्हा त्यांच्या अन्सारी भावाने आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली, बाजाराचा रस्ता विचारला आणि पनीर व तुपाचा व्यापार सुरू केला. घर सुटल्याने आपली इज्जत जात नाही.

ज्यांच्या मनात या वर्षी असा विचार चालू आहे त्यांनी दलालाकडे जाण्यापूर्वी एक काम करावे. बहिणींना घरी बोलवावे, मिळकत पत्रिका समोर ठेवावी, एका कागदावर सर्वांचे वाटे लिहावेत आणि आपले देणे फक्त आपल्या वाट्याखाली लिहावे. उरलेला आकडा पाहून मग ठरवावे.