नाक्यापर्यंत एकटं

दिवाळीच्या सुट्टीत सोसायट्यांच्या आवारात किल्ले उभे राहतील, पण मावळे आणायला नाक्यावर मुलं एकटी जातील का? या अंकाच्या निमित्ताने अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या पालकांशी बोललो. सहावीतल्या मुलीलाही दोन गल्ल्या ओलांडून एकटीला पाठवायला बहुतेकांचा जीव धजावत नाही. "काळ वाईट आहे हो," असं म्हणतात.

ही भीती खोटी नाही. जुलै 2019मध्ये गोरेगाव पूर्वेला उघड्या गटारात पडलेलं लहानगं सापडलंच नाही. त्याच्या आदल्याच वर्षी अंधेरीत गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला होता. मात्र बोलणं थोडं पुढे गेलं की अनोळखी माणसांची धास्ती मागे पडते आणि रस्त्याचाच विषय निघतो.

लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या एखाद्या शाळेबाहेर सुटायच्या वेळी उभं राहावं. फुटपाथवर दुचाक्या, त्यांना खेटून रिक्षा. पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली घेतलेली मुलं उतरतात ती थेट बेस्टच्या बसपुढे. त्यातल्या कितीतरी दुचाक्या पालकांच्याच असतात. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, पुढे उभ्या पोराचं डोकं उघडं. मूल सुखरूप घरी यावं म्हणून आपण गाडी काढतो, त्या गाडीने दुसऱ्याच्या मुलाची वाट अडते, आणि उद्या त्याची आईही स्कूटी घेऊन येते. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत धरली आहे. एवढं अंतर मुलांनी चालतच जावं!

नेदरलँड्समध्ये 1971 साली 400हून अधिक मुलं रस्त्यांवर दगावली. तिथल्या पालकांनी मुलांना घरात कोंडलं नाही. रस्ते अडवले आणि सरकारला ते बदलायला लावले. आपल्याकडेही मार्च 2022मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद केले, त्यांत मुलुंडचा तानसा पाइपलाइनचा रस्ता होता. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास फाटकासमोरच्या आतल्या गल्लीत गाडी नको, आपलीसुद्धा नको. फुटपाथ मोकळा हवा, गटारांवर झाकणं हवीत. प्रत्येक शाळेच्या पालक-शिक्षक संघाने सुट्टी संपताच या मागणीचं पत्र आपापल्या वॉर्ड ऑफिसात द्यावं: घाटकोपरकरांनी एन, मुलुंडकरांनी टी, बोरिवलीकरांनी आर मध्य, अंधेरीकरांनी के पूर्व किंवा के पश्चिम. पोच मात्र मागून घ्यावी.