दहा घरचा ट्रॅक्टर

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन घरचा पाहुणा उपाशी राहत असेल, तर दहा घरच्या ट्रॅक्टरची काय गत होत असेल? ते मी गेल्या रविवारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलो.

माझ्या धाकट्या बहिणीचं गाव गोदाकाठी आहे. काळी, चिकट जमीन. पावसाळ्यात चप्पल पायात राहत नाही, मातीतच राहते. तिथल्या आपल्या वस्तीतल्या दहा बायांनी बचत गट केला आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठीच्या शासनाच्या योजनेतून मिनी ट्रॅक्टर घेतला. ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार अनुदान, उरलेले ३५ हजार गटाचे. हे ३५ हजार कसे उभे राहिले ते त्या दहा जणींनाच विचारावं. कुणी शेळी विकली, कुणी कापूस वेचणीची उचल घेतली. बहीण गटाची सचिव आहे, तिचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो आणि हिशेबाची वही मी तपासतो. कारकुनाला रविवारीसुद्धा वही सुटत नाही, असं आमच्या घरात म्हणतात ते खोटं नाही.

तर रविवारी समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक बसली. विषय एकच होता, ट्रॅक्टर धुवायचा कुणी? समोर ट्रॅक्टर उभा होता. त्याचा मूळ रंग कोणता हे नव्या माणसाला सांगता आलं नसतं. मडगार्डच्या आत मातीचे पोपडे, बोनेटखाली भुसकट, सीटवर कोंबडी.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “ड्रायव्हरला पैशे देतो की आपण. मंग धुवायचं काम त्याचंच.”

दुसरी म्हातारी म्हणाली, “धुऊन तरी काय करायचं बया? उद्या पुन्हा गाराच हाय. म्हशीला धुतलं तर दूध तरी देती.”

सगळ्या हसल्या. भाचा हसला नाही. तो म्हणाला, “मामा, मला तासाचे शंभर रुपये. चाक फिरलं तर पैसे. धुवायचा तास कुणी धरतच नाही. आधी त्या मोठ्या शेतकऱ्याकडं होतो तवा रोज त्याचा ट्रॅक्टर धुत होतो, फुकट. दसऱ्याला धुवायला मी, हार घालायला दुसरा. आता आपल्या घरच्या ट्रॅक्टरवर बी फुकटच का?”

ओट्यावर क्षणभर कुणी बोललं नाही. साफसफाईचं काम आणि त्याचा मोबदला, हा प्रश्न आपल्या वस्तीत हसण्यावारी नेता येत नाही. पोरगं बरोबर बोललं होतं. पण म्हातारीचा प्रश्नही खरा होता. धुऊन उपयोग काय? तेव्हा मी वही उघडली.

मागच्या हंगामातलं एक पान निघालं. सोयाबीनच्या सुगीत ट्रॅक्टर पंधरा-वीस दिवस मळणीयंत्राशेजारी पोती वाहत होता, नंतर त्याच रानात रोटाव्हेटर ओढत होता. रेडिएटरच्या जाळीत भुसकट आणि फोलपट घट्ट बसलं. इंजिनचा पंखा समोरून हवा ओढतो, ती हवा रेडिएटरमधून जाते आणि आतलं पाणी थंड करते. जाळी बुजली की हवा जाईल कुठून? पाणी उकळायला लागलं, काटा लाल रंगावर गेला. भाच्याने सांगितलं होतं, पण ज्यांच्या रानात काम चाललं होतं त्या म्हणाल्या, “अर्धं एकर राहिलंय, तेवढं उरकून टाक.” उरकलं. हेड गॅस्केट उडालं.

वहीतला खर्च: गॅस्केट, हेडची दुरुस्ती, कूलंट आणि मिस्त्रीची मजुरी मिळून ११ हजार ४०० रुपये. ही झाली दिसणारी रक्कम. ट्रॅक्टर नऊ दिवस उभा राहिला, तेही हरभऱ्याच्या पेरणीचे नऊ दिवस. रोज चार तास काम आणि तासाला ५०० रुपये धरले तर १८ हजार बुडाले. त्यातून डिझेल आणि भाच्याची मजुरी वजा करा, तरी मोठी रक्कम उरते. हे नुकसान वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. न मिळालेला पैसा वहीत दिसत नाही, म्हणून तो गेला असं कुणाला वाटत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. सुगीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पाव तास बोनेट उघडून मऊ ब्रशने जाळी झाडली असती तर? तीस दिवसांचे साडेसात तास. भाच्याच्या दराने ७५० रुपये. दरवर्षी गॅस्केट उडतंच असं नाही, हे मला कबूल आहे. तरी साडेसातशे रुपयांचा विमा म्हटला तर महाग नाही.

या झाडण्याला पाणीसुद्धा लागत नाही. कोरडं भुसकट कोरडंच काढावं. पाणी मारायची वेळ आलीच तर इंजिन गार झाल्यावर, हलक्या धारेने आणि इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला मारावं. म्हणजे हवा ज्या वाटेने कचरा आत घेऊन आली, त्याच वाटेने तो उलटा बाहेर पडतो. समोरून जोरात पाइप धरला तर कचरा आणखी आत बसतो आणि जाळीच्या नाजूक पत्र्या वाकतात. सायलेन्सरजवळ साठलेलं भुसकट तर त्याच दिवशी काढायला हवं. तापलेल्या नळीला वाळलेलं काड लागलं की पेट घ्यायला किती वेळ लागतो, हे चूल पेटवणाऱ्या बायांना मी काय सांगावं?

एअर क्लीनरचंही तेच. शेतात उडणारी धूळ इंजिनच्या छातीत जाऊ नये म्हणून तो असतो. तेलाचा वाडगा असलेला असेल तर तेल गढूळ झालं की वाडगा पुसून नवं तेल खुणेपर्यंत भरायचं. कागदी फिल्टर असेल तर हलक्या हाताने धूळ काढायची, पाण्यात किंवा रॉकेलमध्ये बुडवायचा नाही, आणि वेळ झाली की बदलायचा. डिझेलच्या टाकीचं झाकण उघडण्याआधी भोवतीची माती फडक्याने पुसायची. डिझेल पंपाच्या आतले भाग इतके जवळजवळ बसवलेले असतात की मधली फट केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी असते. तिथे रेतीचा कण गेला तर काय होईल? ग्रीस गन लावण्याआधी निपल पुसायचा, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आपणच आत कोंबतो. ही सगळी दोन-दोन मिनिटांची कामं आहेत.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण उपदेश करणाऱ्याने आधी आपली वही दाखवावी. दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा आपल्याच गटाच्या ट्रॅक्टरवर निघावी, अशी सर्वांची इच्छा होती. मी हौसेने म्हणालो, पैसे मी देतो, पण ट्रॅक्टर आरशासारखा दिसला पाहिजे. तालुक्याच्या एका सर्व्हिसिंग सेंटरवर नेला. तिथल्या पोराने यंत्राच्या जोरदार धारेने सगळीकडे पाणी मारलं आणि वरून डिझेलचा हात फिरवला. ट्रॅक्टर असा चमकला की बायांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. मिरवणूक थाटात झाली. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. सेल्फमध्ये पाणी गेलं होतं. महिनाभरात पुढच्या चाकाचा बेअरिंगही कुरकुरायला लागला. जोरदार धार सीलमधून आत शिरते आणि ग्रीस धुऊन टाकते, हे मिस्त्रीने मला नंतर सांगितलं. आणि ते डिझेल? चार दिवसांत त्याच्यावर इतकी धूळ चिकटली की ट्रॅक्टर आधीपेक्षा घाण दिसू लागला. शिवाय डिझेलने रबरी पाइप आणि पट्टे खराब होतात ते वेगळंच. मला माझी हौस महागात पडली.

म्हणून म्हातारीचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो. टायरवरची माती टायरला काही करत नाही. रोज पॉलिश, रोज आंघोळ, याला काही अर्थ नाही. जुना ट्रॅक्टर विकायला काढताना लोक धुऊन चकचकीत करतात, पण जाणता गिऱ्हाईक नुकतंच धुतलेलं इंजिन बघून उलट संशय घेतो, गळती कुठली लपवली म्हणून. आणि पाणी हा तर आपल्याकडचा जिवाचा प्रश्न. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. ज्या वस्तीत बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात, तिथे मोटर चालू करून ट्रॅक्टरवर पाइप सोडणं मनाला पटत नाही. सुकलेली माती आधी लाकडी फळीने खरवडली, मग ओल्या फडक्याने पुसलं, तर चार-पाच बादल्यांत काम भागतं. भाच्याने करून दाखवलं.

पण काही वेळा धुवावंच लागतं. युरिया, डीएपी वाहून आणलं की ट्रॉली आणि अवजारं त्याच दिवशी धुवावीत. खत हवेतला ओलावा ओढतं आणि पत्रा खातं. कापसावर फवारणी करून आल्यावर तर सीट, स्टीअरिंग, पंप सगळं साबणाने धुतलं पाहिजे. कारण उद्या त्याच सीटवर कुणीतरी बसून भाकरी खाणार असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. ते आपल्यासारख्याच घरांतले होते. म्हणून फवारणीनंतर धुणाऱ्याच्या हातात मोजे हवेत आणि जागा विहिरीपासून, हापशापासून, जनावरांच्या पाणवठ्यापासून लांब हवी. हे काम लहान पोरांना मुळीच सांगू नये. रस्त्याला लागण्याआधी ट्रॉलीचे मागचे दिवे आणि लाल पट्ट्या पुसायच्या. उसाच्या दिवसांत अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या आपण वाचतोच. एका रानातून दुसऱ्या रानात जाताना रोटाव्हेटरची माती तिथेच झाडावी, नाहीतर गाजरगवताचं बी आणि हरभऱ्याची मर आपणच शेजारणीच्या रानात पोचवतो. दहा जणींच्या दहा रानांत फिरणाऱ्या ट्रॅक्टरला तर हे जास्तच लागू आहे.

आणि आणखी एक. मी बैठकीत हे सांगितलं तेव्हा बहीण मध्येच बोलली, “दादा, हुकाचं सांग की.” जून महिन्यात भाचा ट्रॉलीच्या हुकावरची वाळलेली माती खरवडत होता. पेरणीआधी सहज. मातीखाली वेल्डिंगला बोटभर चीर निघाली. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ट्रॉलीत माणसं बसवू नयेत हा नियम आपल्याला माहीत आहे, आणि निंदायला जाणाऱ्या बाया त्याच ट्रॉलीत बसून जातात हेही माहीत आहे. वाटेत ओढ्याचा उतार आहे. त्या उतारावर हुक तुटला असता तर? त्या दिवशी वेल्डिंगला ३०० रुपये लागले. वहीत नोंद आहे: ‘हुक दुरुस्ती, रु. ३००’. त्या ओळीवर मी आधी नुसती टिक मारून पुढे गेलो होतो.

म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझी सून बसती त्या ट्रालीत.”

त्यानंतर ठराव व्हायला वेळ लागला नाही, दरावरून मात्र थोडी घासाघीस झाली. अध्यक्षबाई तासाला पन्नास म्हणाल्या, भाचा शंभरावर अडून बसला. मी मध्ये पडलो नाही. मामा आहे, पक्षपात केला म्हणतील. शेवटी बायांनीच ठरवलं की चाक फिरो वा न फिरो, तास तो तास, शंभरच द्यायचे. सुगीत रोज पाव तास झाडणं आणि आठवड्याला एक तास धुणं. महिन्याचे साडेअकरा तास, म्हणजे ११५० रुपये. ज्या महिन्यात काम कमी, त्या महिन्यात धुणंही कमी. पैसे ट्रॅक्टरच्या भाड्यातून आधी बाजूला काढायचे, मग बाकीचा हिशेब. भाच्याला सुट्टी असेल त्या दिवशी ज्यांच्या रानात ट्रॅक्टर शेवटी होता, त्या घराने जाळी झाडायची. आणि काटा लाल रंगाकडे गेला की रान कुणाचंही असो, अर्धं एकर राहो की अर्धा गुंठा, ट्रॅक्टर बंद. हे शेवटचं वाक्य ज्यांच्या रानात गॅस्केट उडालं होतं त्यांनीच सुचवलं.

मी वहीत नवा रकाना आखला आणि वर ‘साफसफाई’ लिहिलं. भाचा म्हणाला, “मामा, ‘देखभाल’ लिहा.” मी खोडून ‘देखभाल’ लिहिलं. म्हातारीने घरून जुन्या लुगड्याचं फडकं आणून त्याच्या हातात दिलं आणि सीटवरची कोंबडी हुसकली.

एस.टी.ची वेळ झाली होती. सोयाबीन निघालं की पहिल्या दिवसापासून जाळीची नोंद झाली पाहिजे, एवढं बहिणीला बजावलं आणि निघालो. दिवाळीच्या सुट्टीत वही बघायला पुन्हा जाणार आहे.