टोळी आली नाही, तर तोटा एकट्या ट्रॅक्टरवाल्याचा?



गाळप हंगाम तोंडावर आला की बारामती-इंदापुरात एक तक्रार हमखास ऐकू येते : मुकादमाने आगाऊ उचल घेतली, ऊसतोड मजुरांची टोळी आणलीच नाही. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, साखर कारखाना कोणताही असो. तोडणी-वाहतुकीच्या करारावर सही ट्रॅक्टरवाल्याची. उचल त्याच्या नावे पडते आणि टोळी फिरकली नाही तरी वसुली त्याच्याच बिलातून होते. मग तो पोलीस ठाणे गाठतो, नाहीतर चार माणसे जीपमध्ये घालून मुकादमाच्या गावी जातो.

करार मोडला म्हणजे फसवणूक झालीच, असे कायदा मानत नाही. पैसे घेतानाच ते बुडवायचा इरादा होता, हे दाखवावे लागते. एकच टोळी दाखवून तिघांकडून उचल घेतली असेल, तर गुन्हा जरूर नोंदवा. पण माणसे उचलून आणणे हा उलट आपल्याच अंगाशी येणारा गुन्हा आहे. मजुरी कर म्हणून न्यायालयही कोणावर सक्ती करत नाही, आणि उचलीपोटी कोयत्याला, म्हणजे तोडणी मजुराला, डांबून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्यात बसते.

राहतो दिवाणी दावा. तिथे आपले कागद तोकडे पडतात. ‘टोळी न आणल्यास दुप्पट रक्कम देईन’ असे बॉण्डवर लिहून घेतले की गडी निर्धास्त! १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ मात्र त्या आकड्याला कमाल मर्यादा समजते. पदरात पडते ती वाजवी भरपाई. तेव्हा दुसरी टोळी किती जादा देऊन आणली, ट्रॅक्टर किती दिवस उभा राहिला, याच्या पावत्या आणि नोंदी हव्यात. ट्रॅक्टर कर्जावर आहे, हप्ता अमुक आहे, हेही करारातच लिहावे. कारण कलम ७३ प्रमाणे आडवळणाचे नुकसान मिळत नाही. सहज होणारे, किंवा करारावेळी दोघांनाही ठाऊक असलेले नुकसानच मागता येते. दुसरी टोळी शोधायची खटपटच केली नाही, तर तेही कोर्ट विचारते. करार मोडल्यापासून दाव्याची मुदत तीन वर्षांची. ती ‘बघू, देतो’ ऐकण्यात कधी सरते, कळत नाही.

याच उसाचे पैसे कारखान्याने १४ दिवसांत दिले नाहीत, तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याला १५ टक्के व्याज लागू होते आणि थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. तरीही बिले रखडतात, हे खरे. पण निदान वाट आखलेली आहे. तोच ऊस तोडून गव्हाणीपर्यंत नेणाऱ्याने मात्र मुकादमामागे वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा मोजायच्या.

म्हणून माझी मागणी कारखान्यांकडे आहे. ‘मुकादम आणि वाहतूकदाराचा व्यवहार खासगी आहे’ हे उत्तर मला पटत नाही. टोळी नसेल तर गाळप कशाचे करणार? करार तिघांचा असावा. उचल रोख न देता खात्यावर आणि टप्प्याटप्प्याने द्यावी, शेवटचा हप्ता टोळी फडात उतरल्यावर. कोयत्यांची नावे व प्रत्येकाची उचल कारखान्याच्या दप्तरी असावी; मुकादम कोणाच्या नावावर किती उचलतो, हे त्या मजुरांनाही कळेल. बुडीत उचलीचा ठरलेला वाटा कारखान्याने सोसावा. त्याशिवाय मुकादमाची पारख करायला तो कशाला बसेल? सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे लेखी मांडावा.

– एक वकील, बारामती