दोष आणि दरोडा

सोयाबीन घरात येते, खामगावच्या पेढ्यांवर नव्या वह्या मांडल्या जातात आणि पाठोपाठ आमचा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो, हा शिरस्ता यंदाच्या अतिवृष्टीनेही मोडला नाही; पण वर्षभर मनाला डाचत राहिलेली गोष्ट निराळीच आहे.

ती ही, की सरकारला प्रश्न विचारणाऱ्या संस्थेवर ‘अफरातफर’ हा शब्द एकदा चिकटला, की तिची वही उघडून पाहण्याची निकड कोणालाच उरत नाही.

ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग व आनंद ग्रोव्हर यांच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे दप्तर गृहमंत्रालयाने जानेवारी २०१६ मध्ये तपासले, परकीय देणग्यांची नोंदणी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रद्द केली, सीबीआयने गुन्हा नोंदवला तो मात्र १३ जून २०१९ रोजी. निधी भलत्याच कारणी लावल्याचा आरोप संस्थेने नाकारला आणि २५ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस अंतरिम मनाई केली. फसवणुकीच्या कलमाला, मग ते जुन्या दंडसंहितेतील ४२० असो वा भारतीय न्यायसंहितेतील ३१८, पैसा दुसऱ्या खाती पडला एवढे पुरत नाही. तो घेतानाच मनात कपट होते, हे शाबीत व्हावे लागते. येथे तर फिर्याद दात्याची नव्हे, मंत्रालयाची होती. मग फसले कोण?

याउलट, आमच्या वाचनालयाचा मी चिटणीस असताना इमारतनिधीतले काही रुपये पुस्तकांच्या कपाटाला खर्ची पडले. लेखापरीक्षकांनी तांबड्या शाईने शेरा मारला, कार्यकारिणीने ठराव करून रक्कम परत भरली आणि प्रकरण मिटले. दोष होता, दरोडा नव्हता. हा भेद सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कचेरीत रोज पाळला जातो, फौजदारीच्या चावडीवर मात्र तोच आधी हरवतो.

सेवेच्या नावाने खरोखर लुबाडणारेही आहेत आणि तपासणीपासून खटल्यापर्यंतचा विलंब त्यांच्याच पथ्यावर पडतो. खटला उभा राहत नाही तोवर चोर आणि साव यांना एकाच संशयाची सावली पुरते. म्हणून लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू वाहताना एवढेच मागणे: आरोप करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी ती उघडावी, आणि संस्थेनेही पहिले पान स्वतःच्या हाताने उलटून दाखवावे.