फळा बदलला, दुसरा शिक्षक कोठे आहे?

खडूच्या काळ्या फळ्याची जागा आता संगणकाशी जोडलेला, बोटाच्या स्पर्शाने चालणारा फळा घेऊ लागला आहे. त्यावर नकाशा हवा तितका मोठा करता येतो, चंद्राच्या कला फिरवून दाखवता येतात, भूमितीची आकृती उलटसुलट करून पाहता येते. मांडवीकाठच्या मुलाला हिमनदी दाखवायची तर ह्याहून सोयीचे साधन नाही. नव्याला केवळ नवे म्हणून नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु भिंतीवर फळा बसला की शिक्षण सुधारले, हा समज आम्हांस मान्य नाही.

ह्या बाबतीत ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. लंडनच्या माध्यमिक शाळांना सरकारने असे फळे मोठ्या प्रमाणावर पुरविले. लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेने ह्या योजनेची पाहणी करून २००७ साली अहवाल दिला. पहिल्या वर्षात विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील प्रगतीवर फळ्याचा परिणाम आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. एकेक मूल फळ्याजवळ येऊन जाईपर्यंत बाकीचा वर्ग खोळंबून राहतो, हेही तेथे दिसून आले. साधन उत्तम असले तरी ते कोणत्या क्षणी आणि कशासाठी वापरावे, हे शिक्षकालाच ठरवावे लागते.

आपल्याकडे १९८७ साली ‘खडू-फळा’ मोहीम सुरू झाली. नाव फळ्याचे असले तरी तिच्यात केवळ फळ्याचा विचार नव्हता. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक आणि अध्यापनाचे आवश्यक साहित्य मिळावे, असा तिचा संकल्प होता. पुढे २० फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्र सरकारने ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ जाहीर केले, ते नववीपासूनच्या वर्गांसाठी. ह्या बत्तीस वर्षांत फळ्याने कात टाकली. दुसरा शिक्षक मात्र अनेक ठिकाणी अजून पोहोचायचाच आहे. गोव्याच्या खेड्यापाड्यांत आजही एकशिक्षकी प्राथमिक शाळा आहेत. पहिली ते चौथीची मुले एकाच शिक्षकाच्या भोवती बसतात. तो पहिलीला अक्षरे गिरवायला लावतो, तोवर चौथी ताटकळते. चौथी ओलांडूनही ज्याला धड वाचता येत नाही, त्या मुलाला नववीतला झगमगता फळा काय देणार?

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी शाळा उघडल्या. साधने तुटपुंजी होती; पण शाळा म्हणजे आधी शिक्षक, ही जाण होती. ती जाण आज हरवू नये.

फळे जरूर घ्यावेत. मात्र त्यांच्यासाठी मराठी-कोंकणीतून पाठ तयार व्हावेत, शिक्षकांना पुरेसे प्रशिक्षण मिळावे आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद असावी. नाही तर पावसाळ्यात वीज गेली की शाळा पुन्हा खडूच शोधू लागेल. आणि ह्या सर्वांच्या आधी, १९८७ सालचे वचन पाळून प्रत्येक प्राथमिक शाळेत दुसरा शिक्षक नेमावा. सरकारने खरेदीच्या निविदा काढण्यापूर्वी रिक्त जागांची यादी हाती घ्यावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.