हिममानव, रूपकुंड आणि जिज्ञासेची शिस्त

सार्वजनिक ग्रंथालयात ज्या पुस्तकांची पाने सर्वांआधी सुटी होतात, त्यांत अज्ञात प्राण्यांच्या, पछाडलेल्या वास्तूंच्या आणि न उलगडलेल्या कोड्यांच्या पुस्तकांचा भरणा बराच असतो. ही आवड पाहून कित्येक शिक्षक कपाळाला आठ्या घालतात व मुलांच्या हातातून ती पुस्तके काढून घेतात. प्रस्तुत लेखकाचे मत याहून निराळे आहे. ज्या मुलाला हिममानव आहे की नाही हे जाणून घ्यावेसे वाटते, त्याच्या ठिकाणी विज्ञानाचे बीज रुजलेलेच आहे. त्याच्या प्रश्नाला शिस्त लागावी, एवढीच काय ती अपेक्षा. आणि ही शिस्त अद्भुत कथांच्याच साहाय्याने उत्तम शिकविता येते, हे दोन उदाहरणांनी दाखविण्याचा येथे हेतू आहे.

पहिले उदाहरण यतीचे, म्हणजेच हिममानवाचे. नेपाळात राहणारे ब्रिटिश पंडित ब्रायन हॉजसन यांनी 1832 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या शिकाऱ्यांची एक हकीकत नमूद केली होती. दोन पायांवर चालणारा एक केसाळ प्राणी पाहून ते शिकारी भयभीत झाले होते. पुढे 1889 साली लॉरेन्स वॅडेल यांना सिक्कीमच्या बर्फात मोठ्या पावलांचे ठसे आढळले. बरोबरच्या माणसांनी ते केसाळ रानमाणसाचे असल्याचे सांगितले. वॅडेल यांनी मात्र ते अस्वलाचे ठरविले. 1921 साली एव्हरेस्टच्या पाहणीसाठी गेलेल्या तुकडीचे नायक हॉवर्ड-बरी यांनाही तसेच ठसे दिसले व ते लांडग्याचे असावेत असा त्यांनी अंदाज केला.

ही कथा जगभर पसरली ती मात्र ठशांमुळे नव्हे, तर एका भाषांतरामुळे. हॉवर्ड-बरी यांच्या हमालांनी त्या प्राण्याला ‘मेतो-कांगमी’ असे म्हटले होते. ‘कांगमी’ म्हणजे बर्फातला माणूस. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राचे लेखक हेन्री न्यूमन यांनी दार्जिलिंग येथे या हमालांची गाठ घेतली आणि ‘मेतो’ या शब्दाचा अर्थ ‘ओंगळ, किळसवाणा’ असा करून टाकला. त्यातून ‘किळसवाणा हिममानव’ हे नाव तयार झाले व वृत्तपत्रांनी ते डोक्यावर घेतले. ‘मेतो’ या शब्दाचे मूळ रूप अस्वलवाचक असावे, असे पुढे अनेक जाणकारांनी दाखविले आहे. डोंगरातल्या माणसांनी ज्या शब्दात कदाचित उत्तरच सांगून ठेवले होते, त्या शब्दाचे शहरातल्या लेखणीने भूत बनविले! लोककथेला हसणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. पुष्कळदा कथा सांगणाऱ्यापेक्षा ती उचलून नेणाराच अधिक भोळा असतो.

1951 साली एरिक शिप्टन व मायकेल वॉर्ड यांनी मेनलुंग हिमनदीवर एका मोठ्या ठशाचे छायाचित्र घेतले. शेजारी मापासाठी बर्फ फोडण्याची कुऱ्हाड ठेवलेली होती. ठसा सुमारे 13 इंच लांब भरला. या एका छायाचित्राने शोधमोहिमांची रांग लागली. वस्तुतः बर्फावरील ठसा हा अत्यंत अविश्वसनीय साक्षीदार होय. ऊन लागले की त्याच्या कडा वितळतात आणि लहान पाऊल मोठे दिसू लागते. शिवाय चालताना अस्वलाचा मागील पाय पुष्कळदा पुढील पायाच्या ठशावर अंशतः पडतो. दोन्ही ठसे मिळून माणसाच्या लांबट पावलासारखा एकच आकार तयार होतो आणि दोन पायांवर कोणी चालत गेल्याचा भास होतो.

1960-61 च्या हिवाळ्यात एडमंड हिलरी यांच्या मोहिमेने या प्रश्नाचा पद्धतशीर मागोवा घेतला. खुमजुंग गावच्या मठात यतीच्या मस्तकाची म्हणून एक शंक्वाकृती केसाळ टोपी जपून ठेवलेली होती. गावकऱ्यांनी ती ठराविक मुदतीच्या बोलीवर दिली आणि गावातील एक वडीलधारे गृहस्थ तिच्याबरोबर शिकागो, पॅरिस व लंडन येथे जाऊन आले. तपासणीत असे ठरले की, ती सेरो नावाच्या, शेळ्यामेंढ्यांच्या कुळाशी निकट असलेल्या हिमालयीन रानटी जनावराच्या कातड्यापासून घडविलेली आहे. मोहिमेतील लोकांनी सेरोचे कातडे ठोकून तशीच टोपी स्वतः तयारही केली. मूळ वस्तू ठरल्याप्रमाणे मठात परत पोहोचली, आणि 1961 साली त्याच खुमजुंग गावी हिलरी यांच्या साहाय्याने शाळा उघडली. कातडे सेरोचे ठरले म्हणून त्या वस्तूचे मठातील स्थान नाहीसे झाले नाही. ती वस्तू कशाची आहे, हा प्रश्न प्रयोगशाळेचा. ती गावाला का प्रिय आहे, हा प्रश्न गावाचा. हे दोन प्रश्न ज्याला वेगळे ठेवता येतात, त्याला कोणाच्याही श्रद्धेची टवाळी न करता सत्य शोधता येते.

पुढे संशोधकांच्या हाती डीएनए, म्हणजे पेशींतील आनुवंशिक द्रव्य वाचण्याचे साधन आले. 2014 साली ब्रायन साइक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्राण्यांचे म्हणून जमविलेले जगभरातील केस तपासले. लडाख व भूतान येथील दोन नमुने प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात, असे त्यांनी जाहीर केले. हिममानव गेला, पण त्याच्या जागी एक अज्ञात संकरित अस्वल आले! परंतु इतर शास्त्रज्ञांनी तीच माहिती पुन्हा पडताळून पाहिली आणि तो निष्कर्ष टिकत नसल्याचे, नमुने हिमालयातील तपकिरी अस्वलाचे मानण्यास काहीच अडचण नसल्याचे दाखवून दिले. त्यानंतर 2017 साली शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने यतीचे म्हणून जपलेले केस, कातडे, हाडे, दात व विष्ठा असे नऊ नमुने तपासले. त्यांपैकी आठ अस्वलांचे निघाले व एक कुत्र्याचा.

येथे कोणी म्हणेल, ‘अखेर शास्त्रज्ञांनी एक सुंदर कथा मारून टाकली.’ या आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. त्याच अभ्यासातून असे आढळले की, हिमालयातील तपकिरी अस्वलांचा वंश सुमारे 6,50,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या एका पर्वात, इतर तपकिरी अस्वलांपासून वेगळा झाला व तेव्हापासून जवळजवळ एकाकी नांदत आला आहे. ज्याला आपण भूत समजत होतो तो मनुष्यजातीच्या इतिहासाहूनही जुन्या वंशाचा वारसदार निघाला. आज त्याची संख्या फार थोडी उरली असून 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत त्याला स्थान आहे. यती नाहीसा झाला तर आपण केवळ एका कथेला मुकू. हे अस्वल नाहीसे झाले तर ते कोणत्याही मोहिमेला पुन्हा सापडणार नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात सुमारे 5,000 मीटर उंचीवर रूपकुंड नावाचे लहानसे सरोवर आहे. वर्षातील बहुतेक काळ ते गोठलेले असते. 1942 साली एका वनरक्षकाला तेथे मानवी सांगाड्यांची रास आढळली. हे अवशेष शेकडो माणसांचे असावेत. कोणी म्हणाले, हे घुसखोर जपानी सैनिक. कोणी म्हणाले, 1841 साली तिबेटवर चालून गेलेल्या जोरावरसिंगाच्या सेनेतील शिपाई. स्थानिक परंपरा सांगते की, कनौजचा राजा जसधवल लवाजम्यासह व नर्तकींसह नंदादेवीच्या यात्रेस निघाला; या उन्मत्तपणाने देवी कोपली आणि तिने लोखंडासारख्या गारांचा वर्षाव करून सर्वांचा संहार केला.

2004 साली शास्त्रज्ञांची एक तुकडी तेथे गेली. किरणोत्सारी कार्बनाच्या मापनावरून हाडांचा काळ इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या सुमाराचा निघाला. काही कवट्यांवर वरून एखाद्या गोल, जड वस्तूचा आघात व्हावा तशा खुणा होत्या. तेव्हा भयंकर गारपिटीत यात्रेकरू सापडले असावेत, असा तर्क पुढे आला. लोकगीत आणि प्रयोगशाळा यांचे एकमत झाले असे वाटून अनेकांनी समाधानाचा निःश्वास सोडला व कोडे सुटल्याचे जाहीर करून टाकले.

परंतु संशोधक थांबले नाहीत. हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवशास्त्र संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि परदेशांतील अनेक संस्था यांनी मिळून 38 सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास केला व 2019 साली तो प्रसिद्ध झाला. त्यातील 23 माणसे भारतीय उपखंडातील वंशांची होती. त्यांच्यातही पुष्कळ विविधता होती आणि ती सर्व एकाच वेळी मेलेली नव्हती; त्यांचे मृत्यू इसवी सन 800 च्या आसपास, निरनिराळ्या प्रसंगी झाले होते. यापुढची गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानीमनी नव्हती. 14 माणसांचा वंश पूर्व भूमध्य प्रदेशातील, आजच्या ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जुळणारा निघाला. आणखी एक मनुष्य आग्नेय आशियातील वंशाचा होता. ही पंधरा माणसे तेथे मरण पावली ती सुमारे 1800 च्या सुमारास, म्हणजे पहिल्या गटानंतर जवळजवळ हजार वर्षांनी. हाडांतील समस्थानिकांवरून त्यांचा आहारही पहिल्या गटाहून निराळा असल्याचे दिसले.

भूमध्य समुद्राकाठच्या वंशाची ही माणसे गढवालच्या त्या दुर्गम सरोवरापर्यंत कशासाठी गेली? कोठून निघाली? त्यांच्या प्रवासाची नोंद कोठेच कशी नाही? या प्रश्नांना आज उत्तर नाही. गारपिटीचा तर्क काहींच्या बाबतीत खरा असू शकेल. सर्वांच्या बाबतीत तो पुरेसा नाही. अशा वेळी ‘अद्याप ठाऊक नाही’ हे वाक्य निःसंकोच उच्चारणे हेच प्रामाणिक विद्वत्तेचे लक्षण होय. मात्र ‘ठाऊक नाही’ याचा अर्थ ‘वाटेल ते खरे’ असा नव्हे. ज्या जागी पुरावा नाही त्या जागी शाप, पिशाच किंवा परग्रहवासी आणून बसविणे म्हणजे रिकाम्या खुर्चीवर आपलाच अंगरखा टाकून ‘पाहुणा आला’ म्हणण्यासारखे आहे.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की एक बोध स्पष्ट होतो. एका कोड्याचे उत्तर साधे निघाले, दुसऱ्याचे साधे वाटणारे उत्तर अपुरे ठरले. पण दोन्ही ठिकाणी रीत एकच होती. कोणी काय पाहिले, त्याचा हाती घेता येईल असा अवशेष कोणता, तो अवशेष दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे तपासता येतो काय, आणि काय आढळल्यास आपण आपले मत बदलू, हे चार प्रश्न त्या रीतीचा गाभा होत. एप्रिल 2019 मध्ये भारतीय सेनेने मकालू शिखराच्या तळाजवळील 32 इंच लांबीच्या ठशांची छायाचित्रे यतीची म्हणून प्रसिद्ध केली, तेव्हा देशभर चर्चा माजली. ज्या वर्गातील मुलांना हे चार प्रश्न विचारण्याची सवय असेल, त्या वर्गात ती चर्चा अधिक चांगली झाली असेल यात शंका नाही.

ही शिस्त केवळ बौद्धिक करमणुकीसाठी हवी असे कोणी समजू नये. मे 2001 मध्ये दिल्ली व गाझियाबाद येथे एका काळ्या ‘माकडमाणसा’ची वार्ता पसरली. उन्हाळ्याच्या रात्री, वीज नसताना, लोक गच्चीवर निजत. ‘आला, आला’ अशी ओरड होताच घाबरून पळत. पोलिसांकडे शेकडो तक्रारी आल्या, बक्षीस जाहीर झाले, आणि तज्ज्ञांनी तपास केला तेव्हा असा कोणताही प्राणी नसल्याचे निष्पन्न झाले. पण तोपर्यंत गच्चीवरून वा जिन्यावरून पडून माणसे दगावली होती. प्राणी खोटा होता, मृत्यू खरे होते. भीतीच्या त्या क्षणी ‘तू स्वतः काय पाहिलेस?’ असे शांतपणे विचारणारा एखादा जरी प्रत्येक गल्लीत असता, तरी काही जीव खचित वाचले असते.

पुराव्याचा सांभाळ हाही या शिस्तीचाच भाग आहे. रूपकुंडाला भेट देणाऱ्यांनी आजवर तेथील हाडे विसकटली, रचून ठेवली, कित्येकांनी आठवण म्हणून घरीही नेली. कोणते हाड कोणाशेजारी व कोणत्या थरात होते, हे आता पुष्कळ अंशी कळण्याचा मार्ग उरलेला नाही. ज्यांना गूढाचे सर्वाधिक आकर्षण वाटले, त्यांनीच त्याच्या उकलीचे साधन नष्ट करावे, ही खेदाची गोष्ट आहे. शिवाय ती हाडे म्हणजे कोणाचे तरी आप्त होते, याचाही विसर पडता कामा नये.

म्हणून शिक्षकांना व ग्रंथपालांना एवढीच विनंती करावीशी वाटते की, अद्भुताची पुस्तके कपाटात कुलूपबंद करू नयेत. त्यांच्या शेजारी प्राणिशास्त्राचे, भूगोलाचे व पुरातत्त्वाचे एखादे चांगले पुस्तक ठेवावे. विद्यार्थ्यांना आपल्या गावची एखादी आख्यायिका निवडण्यास सांगावे. ती प्रथम कोणी सांगितली, तिच्यात कोणता शब्द बदलत गेला, तपासता येण्याजोगे तिच्यात काय आहे, याची वही त्यांच्याकडून लिहून घ्यावी. काही वह्यांच्या अखेरीस ‘अस्वल’ असे उत्तर येईल आणि काहींच्या अखेरीस प्रश्नचिन्हच राहील. दोन्ही वह्यांना सारखेच गुण द्यावेत.