पोत्यांत आहे तरी काय?

हल्लीं गांवोगांव पत्र्याच्या शेडी उभ्या राहून ब्रॉयलर कोंबड्यांचा (आमचे शेतकरी बंधु यांस 'बॉयलर' म्हणतात) धंदा शेतीस जोड म्हणून चालला आहे. पिल्लें, खाद्य व औषध कंपनीचें, जागा व मेहनत शेतकऱ्याची, मोबदला किलोवर. सुमारें चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोंचा होतो. याचें मुख्य श्रेय जातीच्या निवडीस व समतोल खाद्यास आहे. परंतु वाढीसाठीं खाद्यांत रोज थोडें प्रतिजैविक मिसळण्याची जी चाल १९५० च्या सुमारास अमेरिकेंतून निघाली, ती आम्हांस घातक वाटते.

रोग नसतां अल्प औषध रोज दिल्यानें दुबळे जंतु मरतात, चिवट तेवढे उरून वाढतात, आणि कोंबडखताबरोबर आपल्याच शेतांत येतात. कोलिस्टिन हें इतर औषधें हरलीं म्हणजे माणसास द्यावयाचें राखीव औषध. त्यास दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो, असें २०१५ सालीं चीनमध्यें उघड झालें. आपल्या सरकारनें जुलै २०१९ मध्यें पशुपक्ष्यांच्या खाद्यासाठीं व औषधासाठीं त्याची विक्री बंद केली, हें योग्यच झालें. पण एक औषध बंद केल्यानें चाल बंद होत नाहीं.

औषध काढल्यास धंदा बुडेल, असें कोणी म्हणतात. डेन्मार्कांत १९९८ सालीं ब्रॉयलरांच्या खाद्यांतून वाढीचीं प्रतिजैविकें काढलीं. मरतूक वाढली नाहीं, खाद्य मात्र किंचित् अधिक लागलें. रक्ती हगवणीवरील औषध तेथें चालूच होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. कोरडें तूस, खेळती हवा व स्वच्छ पाणी यांवांचून मात्र हें साधावयाचें नाहीं.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली. सातबाऱ्यावर एक गुंठा इकडचा तिकडे झाला तर शेतकरी कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. तोच आपल्या शेडींत आलेलीं पोतीं न वाचतां फोडतो. आमच्या पुतण्याच्या शेडींतील पोत्यावर 'ग्रोथ प्रमोटर' एवढेंच छापलें होतें. कंपनीच्या माणसास विचारतां उत्तर मिळालें, "काका, पक्षी वाढतोय ना? मग झालं!" आमचें यानें समाधान झालें नाहीं.

खाद्यांत कोणतें औषध आहे व विक्रीपूर्वी किती दिवस तें थांबवावयाचें, हें करारांत लिहून मागावें. आणि तेंहि पिल्लें उतरवून घेण्यापूर्वी. एकदां पिल्लें शेडींत आलीं, कीं आपला हात दगडाखालीं असतो.